पाहुण्यांपुरते दात

४ मार्च

प्रिय ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळं ठीक आहे. घरात माझा हा एकच मोबाईल, तुला माहीत आहे. आईंना ऐकू कमी येतं म्हणून तो कायम स्पीकरवर, आणि संध्याकाळी त्यावर त्यांचा पत्त्यांचा डाव मांडलेला. मेसेज आला की तोही त्या मोठ्याने वाचतात, स्वतःला ऐकू यावा म्हणून. तेव्हा कागदच बरा.

आमच्या लॅबच्या मालकीणबाईंनी एक स्थळ आणलंय. माझ्यासाठी, या एकोणपन्नासाव्या वर्षी. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बायको वारलेली, दुसऱ्या गावी स्वतःचं घर. आई एकदम उत्साहात आहेत. नुसता विषय निघाला तरी वाटीतली कवळी काढून तोंडात घालतात. इतकी वर्षं दुसऱ्यांचे दात बनवतेय, त्यांची कवळी तर जीव ओतून केली, पण ती पाहुण्यांपुरती. घरात आपलं हिरड्यांवर काम भागतं. मला म्हणाल्या, माझी काळजी करू नकोस, मी ढब्बूकडे राहीन.

मला लग्न करायचं नाही गं. एक केलं, चांगलं झालं, पुरे. या वयात कुणाच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठला ते शिकायला जायचं नाही. मला हेच घर हवं आहे, आईंच्या कुरकुरीसकट. पण मला माणूसही हवा आहे. आठवड्यातून एकदा भेटेल, सोबत चालेल, हात धरेल, आणि त्यापुढचंही. लिहिलं एकदाचं. दिवसभर माझी बोटं मेणाच्या हिरड्यांवर फिरतात. तुझा दादा गेला, आणि जिवंत माणसाचा हात हातात येऊन चार वर्षं झाली.

लॅबमधली नवी मुलगी म्हणते, याची अ‍ॅप असतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. लग्नाचं वेगळं, असल्या सुट्या नात्याचं वेगळं. चुकीच्या दारात शिरलं की पंचाईत. तिला जास्त विचारायची लाज वाटली, म्हणून तुला विचारते.

तू त्याची बहीण आहेस हे मी विसरलेले नाही. वाचून राग आला तर पत्र फाडून टाक, आणि पुढच्या फोनवर नुसतं हवापाण्याचं बोल. मी काय ते समजेन.

तुझी,
वहिनी

ता.क. परवा बुधवारी तू फोन लगेच ठेवलास. आई म्हणाल्या, बुधवारी हिला फारच घाई असते.


१९ मार्च

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला कारण आधी मला राग आला. खोटं कशाला बोलू? पहिल्या वाचनात मला फक्त दादा दिसला. दोन दिवस शिकाऊ ड्रायव्हरांवर उगाच खेकसले. एक बिचारी सिग्नलला गाडी बंद पाडून रडायला लागली, तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं. मग पुन्हा वाचलं. या वेळी तू दिसलीस.

आता कामाचं बोलू. माझी एक मैत्रीण आहे, तिला यातलं बरंच कळतं. तिच्याकडून विचारून लिहितेय.

सगळ्यांत प्रसिद्ध आहे ते लाल रंगाचं. तिकडे फिरकू नकोस. तिथे माणसांपेक्षा आरसे जास्त. जो तो उघड्या अंगाने व्यायामशाळेतल्या आरशासमोर उभा. मैत्रीण म्हणते, दहा मिनिटांत खाटीकखान्यात आल्यासारखं वाटतं. दुसरं पांढरं, फुलाच्या चित्राचं. ते म्हणतं मी मैत्रीसाठी, पण पहिल्याच पानावर पगार विचारतं. म्हणजे तुझं बँकवालं स्थळच, फक्त फोनमधून. तिसरं हिरवं. त्यात सुरुवातीलाच विचारतात, काय हवंय: लग्न, कायमचं नातं, मोकळं नातं, की अजून ठरलं नाही. आणि पहिलं वाक्य बाईनेच लिहायचं, तोवर पुरुष मुकाट. तुला हेच.

तिथे ‘मोकळं नातं’ यावरच टिचकी मार. लाजून ‘अजून ठरलं नाही’ लिहिशील तर फसशील. मैत्रिणीने तसं लिहिलं, आणि एक जण दुसऱ्याच भेटीत पडद्यांचे रंग विचारायला लागला. जे हवं ते आधीच सांगितलं की समोरच्याचीही फसवणूक होत नाही. पहिली भेट दिवसाउजेडी, चारचौघांत. कुठे जातेस ते मला आधी सांगायचं. घरचा पत्ता द्यायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या अ‍ॅपची घंटा बंद कर.

लग्न करावंसं वाटलं तर आईची काळजी नको. माझ्याकडे खोली तयार आहे. पण आईला या अ‍ॅपच्या भानगडीचा वाससुद्धा लागता कामा नये. माझा काडीमोड झाला तेव्हा ती काय म्हणाली होती आठवतं ना? ‘आता तरी नीट राहा.’ तिच्या नीटची व्याख्या मला आजवर कळलेली नाही.

तुझी,
ढब्बू


६ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. फार अनुभवी दिसते. पडद्यांचे रंग शेवटी कुठले ठरले तेही विचार.

हिरवं घेतलं. ‘मोकळं नातं’ यावर बोट ठेवताना घाम फुटला, पण ठेवलं. घंटा बंद केली. आता रोज दुपारच्या सुट्टीत लॅबच्या जिन्यात बसून मी पुरुष बघते. गंमत सांगू? मला चेहरा दिसतच नाही. सवयच तशी, आधी दात दिसतात. हा ओठ मिटून हसतोय, याची वरची कवळी सैल आहे. त्याचे पांढरेशुभ्र, पण खालचे नि वरचे एका माणसाचे नाहीत. आणि एक फोटो बघून तर मी जिन्यात उभीच राहिले. तो दातांचा पूल माझा! पुढचे तीन दात, गेल्या वर्षी मीच केलेले, डावीकडच्याला किंचित पिवळी छटा दिलेली, शेजारच्याशी जुळावी म्हणून. लिहिलंय ‘एकटा’. त्याच्या बायकोची खालची कवळी त्याच महिन्यात केली होती, दोघं मिळून न्यायला आली होती. माझ्या दातांनी हसून लोकांना फसवतोय मेला.

एक मात्र आवडला होता. फोटोत खळखळून हसतोय, मागे कसलंसं लाकूडकाम. लिहिलंय, फर्निचरचं काम, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मोठी आहे, पुन्हा संसार नको पण शनिवारी एकट्याने चालायचा कंटाळा येतो. माझ्याच मनातलं लिहिलं होतं. पण वय सत्तेचाळीस म्हणे! वरच्या पुढच्या दातांच्या कडा पार झिजलेल्या, एकात खाचही. असे दात साठीशिवाय होत नाहीत. मी पहिलं वाक्य लिहिलं: ‘आपण वय दहा-बारा वर्षं कमी लिहिलंय. दात खोटं बोलत नाहीत.’ तेव्हापासून त्याची वाचा बसलीय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बँकवाले पुढच्या महिन्यात चहाला यायचेत. आईंनी पडदे धुवायला काढलेत.

तुझी,
वहिनी


१५ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझ्यापुढे हात टेकले. पहिलं वाक्य बाईने लिहायचं म्हणजे पंचनामा लिहायचा असं नाही. दान दिल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, तू नेमके तेच मोजत बसलीस. झिजले असतील काही कारणाने. सुपारी फोडत असेल, झोपेत दात खात असेल. विचारून तरी बघायचं. माझ्याकडे शिकायला येणारे तुझ्यासारखेच असतात. गाडी हलायच्या आधीच दोन्ही पाय ब्रेकवर.

मैत्रिणीने पडदे लावलेच नाहीत.

बँकवाल्यांना भेट. पण एक खरं सांग. तू नको म्हणतेस ते नको आहे म्हणून, की आईला सोडता येत नाही म्हणून? आईमुळे असेल तर मला नक्की कळव. खोली तयार आहे, हे मी पुन्हा लिहितेय.

ढब्बू


११ मे

प्रिय ढब्बू,

बस आणि मग वाच.

दहा दिवसांपूर्वी, रविवारी बँकवाले आले. माणूस वाईट नाही. स्वच्छ, टापटीप, दात स्वतःचे. आई कवळी लावून, केस बांधून, त्या स्प्रिंग गेलेल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बँकवाल्यांनी चहा घेतला, भिंतीवरून हात फिरवला, हे घर विकलं तर काय येईल विचारलं. मग आईंकडे न बघताच मला म्हणाले, ‘यांची सोय तुमच्या नणंदबाईंकडे होईलच.’ आईंना ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी हळूच माझा फोन ओढला आणि पत्ते मांडले. पाहुण्यांसमोर त्या असं कधी करत नाहीत.

मी घंटा बंद केली होती गं. पण घंटा बंद असली तरी अक्षरं वरून खाली उतरतात, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आईंच्या डावावर काहीतरी उतरलं, आणि त्यांनी ते नेहमीसारखं खणखणीत वाचलं. ‘दात वयाने झिजले नाहीत. तीस वर्षं तोंडात खिळे धरून खुर्च्यांना कापड चढवतोय. आधी राग आला, मग आरशात बघितलं. तुमची नजर पक्की आहे. शनिवारी दुकानात या, खात्री करून घ्या.’

बँकवाल्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, खुर्चीवाला. आणि खुर्ची खरंच मोडलेली होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पण माझं तोंड लालबुंद झालं होतं. ते चहा संपवून उठले.

दार लागलं तशी आईंनी कवळी काढून वाटीत ठेवली. मी सगळं सांगितलं. हिरवं अ‍ॅप, मोकळं नातं, मोठ्या आवाजात, त्यांना ऐकू यावं म्हणून. असलं काही कोणी इतक्या मोठ्याने कधी सांगितलं नसेल. त्यांनी ऐकून घेतलं, रात्री पाव दुधात बुडवून खाल्ला आणि आडव्या झाल्या. मला वाटलं, संपलं. हे घर सुटलं.

सकाळी चहा घेताना म्हणाल्या, ‘तो बँकवाला मला काही फार आवडला नव्हता. मला वाटायचं, तू माझ्यामुळे अडकलीस. माझ्यासाठी इथे राहतेस.’

मी म्हटलं, ‘मी माझ्यासाठी राहते, आई.’

त्यांनी पुन्हा बोलायला लावलं. पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं, मला ठाऊक आहे, तरी लावलं. मी पुन्हा बोलले, आणि मग आम्ही दोघीही थोड्या रडलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तरही हेच. तुझी खोली तुलाच राहू दे.

शनिवारी मी गेले. दुकान रस्त्याला लागून, दार उघडं, समोर पाव-बिस्किटांचं दुकान, म्हणजे तुझे सगळे नियम पाळले. तो एका कोचावर वाकला होता. तोंडातून एकेक खिळा जिभेने पुढे आणायचा, दाताच्या खाचेत धरायचा, हातोडीला चिकटवायचा आणि ठोकायचा. हातोडीला लोहचुंबक असतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत चार खिळे बसले. मला बघितलं तरी बोलता येईना, तोंड भरलेलं. बोटाने थांबा म्हणाला. ती खाच बरोबर खिळ्याच्या मापाची होती. तीस वर्षं दात बघतेय, आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, सत्तेचाळीस हेच खरं, उलट तुम्हीच दोन वर्षांनी मोठ्या आहात, चालेल ना? मी म्हटलं, मला चालेल.

मग आम्ही चालायला गेलो. बरंच लांब. येताना त्याने हात धरला. तळहात खरखरीत आहे.

तुझी,
वहिनी


२० मे

प्रिय वहिनी,

पत्र गाडीत बसून वाचलं. शिकायला आलेली मुलगी बाजूला उभी राहून काचेवर टकटक करत होती. आधी हसले, मग दादाची आठवण येऊन रडले, मग पुन्हा हसले. तू खुशाल जा शनिवारी. मी त्याची बहीण म्हणून सांगते, आणि तुझी ढब्बू म्हणूनही.

आता माझं. मैत्रीण वगैरे कोणी नाही, हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. मीच ती. लाल, पांढरं, हिरवं, तिन्हींतून मीच गेलेय. आता दोन वर्षं एकच आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीची नव्हे; भेटला हिरव्या अ‍ॅपवरच. बुधवारी त्याला सुट्टी, बुधवारी येतो, गुरुवारी सकाळी जातो. त्याचं घर त्याचं, माझं माझं. यापेक्षा जास्त आम्हा दोघांनाही नको आहे, आणि यापेक्षा कमीही नको.

खोली तयार आहे असं लिहिण्याआधी दर वेळी मी पेन दोनदा खाली ठेवलं. आई इथे आली असती तर बुधवार गेला असता. तरी लिहिलं, कारण तुझा शनिवार त्याहून जास्त रखडला होता. तू नकोच म्हणालीस तेव्हा किती हलकं वाटलं, हे सांगायची लाज वाटते.

तुझं आईने ऐकून घेतलं. पण तू सून आहेस, तुझं कौतुक तिला नेहमीच जास्त. माझं तिला सांगू नकोस. माझा संसार मोडल्याचं तिच्या मनातून अजून गेलेलं नाही. आणि खुर्चीवाल्याला तिने घरात घेतलं का, ते कळव.

ढब्बू


२ ऑगस्ट

प्रिय ढब्बू,

बरेच दिवस लिहिलं नाही. शनिवार छान चालले होते, आणि छान चाललं असलं की लिहायला काही सुचत नाही. कधी कधी मी रविवारी दुपारी परतते. आई एवढंच विचारतात, येताना दूध आणलंस का?

घरात घेतलं का, हे विचारलं होतंस. जूनमध्ये तो आईंची खुर्ची न्यायला आला. आई कवळी लावून, केस बांधून तयार. ‘अहो कारागीर’ म्हणाल्या, पाहुण्यांच्या कपातून चहा दिला. खुर्चीबद्दल सोडून अवाक्षर नाही. पुढच्या वेळी कापडाचे नमुने घेऊन आला, तेव्हाही तसंच. मग स्प्रिंग दाखवायला आला, तेव्हाही. दर वेळी दात, दर वेळी तो कप. मी मनात म्हटलं, ठीक आहे, दार उघडतात हेच खूप झालं. याहून जास्त मागायचा मला हक्क नाही. पण वाईट वाटायचं. शनिवारचा माझा जीव एकीकडे आणि हे घर दुसरीकडे, आणि मध्ये आईंची ती मीच केलेली बत्तिशी.

परवा लॅबमधून आले तर दार लोटलेलं. आतून आईंचा आवाज, भांडणाचा. मी घाबरून दार ढकललं. खुर्ची आली होती. निळं कापड, छान बसवलंय. आई तिच्यात पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि तो जमिनीवर. दोघांच्या मध्ये खरेखुरे पत्ते. त्याने राणी लपवली असा आईंचा आरोप होता. चहात बुडवलेला पाव खात खात भांडत होत्या. त्याच्या हातात आपला रोजचा कप होता, कान तुटलेला.

आणि ढब्बू, कवळी वाटीत होती.

मी तशीच चपला हातात घेऊन दारात उभी राहिले. आई म्हणाल्या, ‘उभी काय राहिलीस, चहा टाक.’ तुला तर त्यांचं बिनदातांचं बोलणं माहीत आहे, निम्मं हवेतच जातं. त्याला सगळं कळत होतं.

तो गेल्यावर त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. ‘ढब्बूला लिही, त्या बुधवारच्या माणसाला घेऊन ये म्हणावं.’

मी शब्दानेही बोलले नव्हते, तुझी शपथ. विचारलं, कसला बुधवार? तर म्हणाल्या, ‘दोन वर्षं ती बुधवारी फोन पटकन ठेवते, आणि गुरुवारी गोड बोलते. मी बहिरी आहे, खुळी नाही.’ मग पत्ते गोळा करत म्हणाल्या, ‘नीट राहा म्हणाले होते मी तिला. म्हणजे नीट खा, नीट झोप, एवढंच म्हणायचं होतं.’

तेव्हा ये. त्याच्यासमोर आई दात लावूनच बसणार आहेत, हे त्याला आधी सांगून ठेव.

तुझी,
वहिनी


९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

माझ्या लग्नाच्या नऊ वर्षांत आईने जावयासमोर एकदाही कवळी काढली नाही. एकदा ताप भरला होता तेव्हासुद्धा नाही. तो खोलीत यायचा आणि ती उशाशी वाटी चाचपायची. हे आज मला पहिल्यांदा आठवलं.

लिफ्टवाल्याला वाचून दाखवलं. तो घाबरलाय. पत्ते येत नाहीत म्हणतो. मी म्हटलं, शीक.

या बुधवारी फोन करीन, आणि लवकर ठेवणार नाही. तोही बोलेल. स्पीकर चालूच राहू दे.

तुझी,
ढब्बू